देवकाते बाईंची परतफेरी

आमच्या धोरणशाळेत शिरलं की डाव्या हाताला एक मोठा फलक लागतो. ‘आमचा अभिमान’ असं त्यावर लिहिलेलं आहे आणि त्याची सगळी उस्तवार माझ्याकडे आहे. कुणी विद्यार्थी राज्यपातळीवरची स्पर्धा जिंकला, कुणी माजी विद्यार्थिनी मंत्रालयात सल्लागार झाली, कुणा प्राध्यापकांचा निबंध परदेशात वाचला गेला, की मी फोटो मागवतो, खाली चार ओळी लिहितो आणि टाचण्या मारतो. गेल्या आठवड्यात संचालकांनी बोलावून सांगितलं, “गावडे, देवकाते मॅडमना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचाही फोटो लावा. कामगिरी लिहा.” मी हो म्हणालो आणि तेव्हापासून माझं डोकं उठलंय. बाईंनी शाल पांघरलीय, हार घातलाय, स्मृतिचिन्ह हातात धरलंय, असा एकही फोटो माझ्याकडे नाही. कामगिरी म्हणून जे आठवतं, ते फलकावर लावलं तर संचालक मलाच टाचणी मारतील. म्हणून इथं लिहितो.

बाई उंच, काटक. सुती साडी आणि पायात धावायचे बूट. शिकवायचा विषय होता धोरणांची अंमलबजावणी, पण एका जागी उभं राहून त्यांनी तो कधी शिकवला नाही. वर्गात त्या फिरत राहायच्या आणि पोरांच्या माना त्यांच्यामागं फिरत राहायच्या. चहा उभ्यानं, तोही अर्धाच. उरलेला कप जवळच्या खिडकीत ठेवायचा आणि निघायचं. आमचा शिपाई कपांच्या मागावर जाऊन बाईंना शोधायचा. कप गरम असेल तर बाई याच मजल्यावर, गार असेल तर गेल्या कुठंतरी गावाला.

जायच्या त्या बहुतेक माझ्या गाडीवरून. स्वतःचं हेल्मेट घेऊन माझ्या टेबलापाशी यायच्या आणि म्हणायच्या, “गावडे, काय करताय? काही नाही ना? चला.” मी काहीतरी करत असायचो, पण फोटोला टाचण्या मारणं हे बाईंच्या लेखी काही करणं नव्हतं. एकदा त्या फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “यातला प्रत्येक जण काहीतरी घेतोय. काही करत असताना कुणाचा फोटो निघत नाही का हो?” मी म्हटलं, “बाई, करताना फोटोवाल्याला कोण बोलावतं?” त्यावर त्या मनापासून हसल्या. रागवायच्या ऐवजी हसल्या की त्या माणसावर खूश असत, हे मला पुढं कळलं.

एमआयडीसीच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं त्यांना एकदा विचारलं होतं, “बाई, हे धोरणाचं कॉलेज म्हंजी तुमी नक्की शिकवता तरी काय?”

“सरकारनं काय करावं, ते सांगायला शिकवतो.”

“मग ऐकतं का सरकार?”

“त्याचा वेगळा कोर्स काढायचाय,” बाई म्हणाल्या आणि अर्धा कप त्याच्या टपरीवर ठेवून निघाल्या.

बाईंनी शाळेत एक रीत पाडली होती. तिला त्या परतफेरी म्हणत. विद्यार्थ्यानं एखाद्या गावावर अभ्यास केला, त्याचा अहवाल झाला, त्यावर बक्षीस मिळालं, काही उभंही राहिलं, की वर्षभरानं त्यानं पुन्हा त्या गावात जायचं. शाळेची गाडी न्यायची नाही. गावातली माणसं जशी येतात-जातात तसंच जायचं. आपण सुचवलं त्याचं काय झालं ते बघायचं आणि येऊन वर्गात सांगायचं. फोटो काढायचा नाही. संचालकांना ही रीत फारशी रुचत नसे, कारण परतफेरीहून कुणीच अभिमानानं परत येत नसे. पोरं तर परीक्षेला घाबरत नव्हती इतकी परतफेरीला घाबरायची.

पळसदेवची परतफेरी मी डोळ्यांनी पाहिली. अनिकेत म्हणून एक हुशार मुलगा होता. उजनीच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांना मासळी उतरवायला, तोलायला धड जागा नाही, म्हणून त्यानं आणि त्याच्या गटानं किनाऱ्यावर एक शेड सुचवली. दिल्लीतल्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि शेड खरोखर उभी राहिली. फलकावर अनिकेत आठ महिने हसत होता. मग ऐन मे महिन्यात बाई त्याला एसटीनं पळसदेवला घेऊन गेल्या. मी मागून गाडीवर गेलो, कारण अनिकेतचा हसरा फोटो मीच लावला होता आणि मला उत्सुकता होती.

शेड होती. छान होती. आत शेळ्या बसल्या होत्या. बाहेर एक म्हातारे तात्या जाळं विणत होते. अनिकेतनं त्यांना नमस्कार करून विचारलं, “तात्या, शेड कशी वाटते?”

“झ्याक हाय की. शेळ्यास्नी लई मानवली.”

अनिकेतनं पाणी शोधलं. अभ्यास केला होता दिवाळीत, धरण काठोकाठ भरलेलं असताना. आता पाणी पार लांब गेलं होतं, जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि होड्या त्याच्याही पलीकडं लागल्या होत्या. तो बिचारा शेडपासून पाण्यापर्यंत चालत गेला आणि चिखलात रुतलेला बूट हातात घेऊन परत आला. मला वाटलं, आता बाई त्याची सालटी काढणार. बाईंनी विचारलं, “ही जागा मंजूर कुणी केली?” मग स्वतःच म्हणाल्या, “मी केली. माझं माहेर याच गावचं. उन्हाळ्यात पाणी कुठं जातं हे लहानपणापासून बघितलंय मी. पण तुझ्या नकाशावर निळा रंग सुबक भरला होता, तो बघून सही केली.” दुसऱ्या दिवशी वर्गात अनिकेतच्या आधी त्याच उभ्या राहिल्या आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. अनिकेतनं पुढं चाकांवरचा वजनकाटा करून दिला, तो पाण्याबरोबर मागं-पुढं हलतो. ते फलकावर आलं नाही, कारण त्याला बक्षीस मिळालं नाही.

आता रोहिणीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय बाई पूर्ण होत नाहीत. रोहिणी इंदापूरची. बाईंचा आवडता विद्यार्थी ओळखायची खूण एकच होती, त्या त्यालाच सगळ्यात जास्त बोलायच्या. रोहिणीला त्या येता-जाता बोलायच्या आणि ती उलट बोलायची. दोघींचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. तिनं कन्हेरीहून एमआयडीसीत कामाला येणाऱ्या बायांवर अभ्यास केला होता. लहान मूल झालं की या बाया काम सोडतात, म्हणून पाळणाघर हवं, असं तिचं म्हणणं. शिकून बाहेर पडल्यावर ती सरकारी खात्यात कराराची सल्लागार झाली आणि दोन वर्षं कार्यालयांचे उंबरठे झिजवून तिनं एमआयडीसीच्या आवारात चार-पाच कंपन्यांचं मिळून एक पाळणाघर उभं करून घेतलं. रंगीत भिंती, पाळणे, सांभाळणाऱ्या ताई, सगळं. आमच्या शाळेतून निघालेलं, कागदावरून जमिनीवर आलेलं इतकं मोठं काम दुसरं नव्हतं. फीत कापतानाचा तिचा फोटो मी मधोमध लावला. बाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी खिडकीतला कप रिकामा सापडला.

पण रोहिणी परतफेरी करेना. बाईंनी विचारलं की पुढच्या महिन्यात म्हणायची. असे बरेच महिने गेले. मग बातमी आली की एक मोठी समिती पाळणाघर बघायला येणार आहे आणि तिला पटलं तर जिल्ह्यातल्या इतर दहा औद्योगिक वसाहतींतही अशीच पाळणाघरं होणार आहेत. समिती येईल त्याच संध्याकाळी शाळेत रोहिणीला उत्कृष्ट माजी विद्यार्थिनीचा मान द्यायचं ठरलं. संचालक हवेत होते. बाई मात्र दिवसभर वर-खाली करत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या हेल्मेट घेऊन माझ्या दारात. चला कन्हेरीला.

गावाच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. सकाळच्या पाळीच्या बाया निघाल्या होत्या. कुणाच्या नवऱ्याच्या, कुणाच्या दिराच्या मोटारसायकलवर, एकेका गाडीवर तिघं. सविता नावाची एक ओळखीची बाई थांबली. बाईंनी विचारलं, “पोरगं कुठं?”

“सासूपाशी. दिवसभर करती ती, तिच्यानं हुतं तवर.”

“पाळणाघरात का नाही नेत?”

सवितानं गाडीकडं बोट केलं. “हिच्यावर आमी तिघं. त्यात थंडीत तान्ह्याला कुठं धरू? हितं गावात असतं तर सोडलं असतं की.”

आम्ही तसेच पाळणाघरात गेलो. पाळणे रिकामे होते. ताई खेळणी पुसत होत्या.

दुपारी रोहिणी बाईंच्या खोलीत आली, तेव्हा मी समारंभाचा मजकूर दाखवायला तिथंच होतो. मला कुणी जा म्हटलं नाही. बाई म्हणाल्या, “तुला माहीत होतं?”

“पहिल्या महिन्यापासून,” रोहिणी म्हणाली. “गावात काढायचं म्हटलं असतं तर कुठल्या कंपनीनं एक खोली दिली असती? नियमात बसतं ते आवारात बसतं. आधी उभं करायचं, मग हलवायचं, असं ठरवलं होतं मी.”

“मग समितीला तेच सांग.”

“रिकामं आहे कळलं तर ते हलवणार नाहीत, बाई. बंद करतील. आधी मंजुरी येऊ दे. मग मी गावात नेते. शप्पथ.”

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. “आणि तोवर दहा ठिकाणी रिकाम्या खोल्या बांधतील, त्याचं काय?”

“तोवर हे एक जिवंत राहील.”

बाई खिडकीपाशीच थांबल्या.  शेवटी म्हणाल्या, “बरं. समितीपुढं मी तोंड उघडणार नाही.” रोहिणीनं वाकून त्यांच्या पाया पडायला हात पुढं केला, तर बाईंनी पाय मागं घेतला.

समिती आली त्या दिवशी पाळणाघर गजबजलेलं होतं. रोहिणीनं एका कंपनीची छोटी बस मिळवली होती आणि सकाळी ती कन्हेरीत फिरून बायांना मुलांसकट घेऊन आली होती. पोरं रडत होती, खेळत होती, एक खिरीचं बोट भिंतीला पुसत होतं. समितीचे साहेब प्रसन्न झाले. संचालक त्यांना प्रत्येक पाळणा दाखवत होते. बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि त्यांचा उजवा बूट सारखा फरशीवर आपटत होता.

इतक्यात जेवणाच्या सुट्टीत सविता पोराला बघायला आली. समिती-बिमिती तिला काय ठाऊक. ती सरळ रोहिणीपाशी गेली. “मॅडम, उद्या गाडी कवा येणार? आजच्याच टायमाला का?”

रोहिणी हळूच म्हणाली, “सांगते नंतर.”

“न्हाय, म्हंजी सासू आज भावाकडं गेली नीरंला. कवापासनं जायचं म्हणत हुती. मीच म्हणलं, आता गाडी येतीया तर तुमी जावा निवांत. म्हणून इचारलं.”

साहेब कौतुकानं हसले. “बघा, किती विश्वास आहे यांचा.” संचालकही हसले. रोहिणी हसली नाही. तिनं बाईंकडं पाहिलं. ती विनवणी मला लांबूनही दिसली, आणि बाईंनाही दिसलीच असणार.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तिला उत्तर द्यायला हवं. सविता, उद्या गाडी येणार नाही. ती आज या लोकांसाठी आली होती.” मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, “एरवी इथं मुलं नसतात. खोली चुकीच्या जागी आहे. पण आज फक्त गाडी आली, तर खोली भरली. हे लिहून घ्या.”

समितीनं लिहून घेतलं. त्यातलं पहिलं तेवढंच घेतलं, हे पुढं आम्हाला कळलं.

संध्याकाळचा समारंभ ‘तांत्रिक कारणास्तव’ पुढं ढकलला. तो मजकूरही मीच लिहिला. जिन्यात रोहिणी बाईंना गाठून म्हणाली, “तुम्ही शब्द दिला होता.” बाई म्हणाल्या, “दिला होता.”  आपण बरोबर होतो असं त्यांनी सुचवलंसुद्धा नाही. मला त्यांचा रागच आला होता. दोन वर्षांची मेहनत एका वाक्यात मातीत घालायची होती, तर ती कन्हेरीहून आल्या दिवशीच का नाही घातली? गाडीवर मागं बसल्यावर त्या म्हणाल्या, “गावडे, उद्या त्या पोराला कोण बघणार?” मी गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही सविताच्या दारात. सविता गोंधळली. “बाई, जमंल का तुमाला?”

“दोन वाढवलीत मी.”

“कवा?” सवितानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोरगं त्यांच्या हातात देऊन ती गाडीवर बसली.

पोरगं लगेच रडायला लागलं. बाई त्याला घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालू लागल्या. त्यांची चाल इतकी झपाट्याची की ते पोर झोपायचं सोडून आणखीच ओरडे. मी टाळ्या वाजवून बघितल्या, हेल्मेट वाजवून बघितलं. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. रोहिणी. हातात दुधाची बाटली आणि डोळे सुजलेले. बाईंना बघून ती दारातच थबकली. मग आत आली आणि बाईंकडं न बघता पोरगं त्यांच्या हातातून घेतलं. बाईंनी दिलं.

दिवसभर दोघी त्या घरात होत्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. जे काय बोलायचं ते मला सांगून. “गावडे, त्यांना म्हणावं पाणी उकळलंय.” “गावडे, तिला म्हणावं अंगडं ओलं आहे.” दुपारी दुसऱ्या पाळीच्या बाया निघाल्या, तेव्हा दोन मॅडम पोर सांभाळतायत ही बातमी गल्लीभर झालेली होती. एक आली, “जरा बघता का,” म्हणून पोर ठेवून गेली. मग दुसरी आली. मी शाळेत तोंड दाखवून संध्याकाळी बाईंना न्यायला परत आलो, तेव्हा ओसरी भरलेली होती.

पुढं रोहिणी म्हणाली होती तसंच झालं. एमआयडीसीतलं पाळणाघर बंद केलं. दहा ठिकाणी व्हायची होती ती झाली नाहीत. रोहिणीचा करारही वाढवला नाही. संचालकांच्या सांगण्यावरून मी तिचा फोटो काढला, तेव्हा मधोमध एक चौकोन बराच काळ रिकामा राहिला. बाई रोज त्यावरून जायच्या आणि नजर वळवायच्या नाहीत, सरळ त्या चौकोनाकडं बघत जायच्या. मग त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी मला थांबवून विचारलं, “गावडे, मी चुकले का हो?” मी म्हटलं, “हो, बाई. आणि गप्प बसला असता तरी चुकलाच असता.” त्यांनी मान हलवली. मला वाटतं, या उत्तरानं त्यांना बरं वाटलं नाही, पण दुसरं ऐकायचंही नव्हतं.

रोहिणी इंदापूरला परत गेली नाही. कन्हेरीत दूध संकलनाची एक जुनी खोली होती. ती मिळवायला तिनं सरपंचांना, दूध सोसायटीला, कंपन्यांना पुन्हा पहिल्यापासून गाठलं. या वेळी पाठीशी खातं नव्हतं आणि कार्डावर पद नव्हतं. कित्येक महिन्यांनी खोली सुरू झाली. बोलावणं कुणालाच नव्हतं. मला सविताकडून कळलं आणि मी बाईंना फोन केला. बाईंची तब्येत तेव्हा उतरली होती. त्या एवढंच म्हणाल्या, “गाडी आहे ना?”

दुपारची वेळ होती. खोलीचं दार लोटलेलं. बाईंनी पायरीवर बूट काढले, पदर सारखा केला आणि कडी हलकेच वाजवली. रोहिणीनं दार उघडलं. बाईंना बघून तिचा चेहरा हलला नाही. हळू आवाजात ती म्हणाली, “आत्ताच झोपल्यात सगळी. बाहेर थांबा.” आणि दार ओढून घेतलं.

मला फार अपमान वाटला. म्हटलं, “चला बाई. पुन्हा कधीतरी येऊ.”

“जा तुम्ही,” बाई म्हणाल्या. “मला तिनं थांबायला सांगितलंय.”

मला शाळेत परत जायला हवं होतं. गाडी चालू केली तर पोरं उठतील, म्हणून ती ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथून वळून बघितलं. बाई अनवाणी, भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. आत कुणीतरी रडायला लागलं. दार किलकिलं झालं. रोहिणीनं ते रडणारं पोर बाहेर काढलं, बाईंच्या हातात ठेवलं आणि बाकीची उठू नयेत म्हणून दार पुन्हा लावून घेतलं.